पिन वर आली

समोरच्या दारातल्या काकांना सगळी इमारत बॉयलरकाका म्हणते. एका मोठ्या लाँड्रीच्या बॉयलरवर त्यांनी उभी हयात काढली. तरुणपणी एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत व्हॉल्व्ह उडाला आणि छपराचा पत्रा फोडून गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण काकांनी कानाला खडा लावला. घरात प्रेशर कुकर येणार नाही! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काका ताकाच्या वाटेलाच गेले नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे चिकन शिजायचं ते पातेल्यात, वर पाण्याची ताटली ठेवून, रमतगमत. काकूंचा अख्खा रविवार शेगडीपाशी जायचा.

लेकीने आईसाठी विजेवरचा प्रेशर कुकर आणला, तो काकांनी खोक्यासकट कपाटावर चढवला. "शोभेला छान आहे," म्हणाले.

मग एका रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. चिकनला मीठ-लिंबू लावून झालं होतं, कांदा चिरून तयार होता आणि गॅस संपला. काकू माझ्याकडे आल्या.

"आणा की पातेलं इकडे," मी म्हटलं. "माझी शेगडी मोकळीच आहे."

काकूंनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझी शेगडी आज बिघडली आहे. कळलं?"

मला कळलं. "अहो, सकाळपासून पेटतच नाहीये मेली!" मी जिन्यात ऐकू जाईल अशा बेताने ओरडले आणि मजा बघायला त्यांच्या मागोमाग गेले.

जावयाने स्टुलावर चढून खोकं खाली काढलं. काका स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभे. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सुटका नाही हे ओळखलं आणि म्हणाले, "लावायचाच असेल, तर माझ्या देखरेखीखाली."

त्यांनी चष्मा चढवला. झाकण उलटंसुलटं केलं, रबराच्या रिंगवरून बोट फिरवलं, माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"नमनालाच घडाभर तेल," जावई पुटपुटला.

"ऐकू आलं मला," काका म्हणाले.

शेवटी एकदाचा त्यातच कांदा परतला, मसाला घातला, चिकन घातलं, झाकण बसलं. जरा वेळ गेला आणि कुकर टीं टीं करायला लागला. काकांनी झेप घेऊन प्लग उपटला. "सगळे बाहेर! गॅलरीत!"

आम्ही निमूट गॅलरीत, काका एकटे आत पहाऱ्यावर. जावयाने तेवढ्यातही काकडीची ताटली सोडली नव्हती.

लेकीने फोनवर शोधून आत हाक मारली. "बाबा, काही झालेलं नाही! तळाला मसाला लागलाय, एवढंच सांगतोय तो. थोडं पाणी घालून खरवडायचं."

आतून काकांचा आवाज आला, "लागलं की हा स्वतःहून सांगतो?"

"हो."

"न विचारता?"

"हो, बाबा!"

"भला माणूस दिसतो," काका म्हणाले.

काकूंनी उलथण्याने तळ खरवडला, पाणी घातलं, पुन्हा झाकण लावलं, प्लग जोडला. काका स्टूल ओढून कुकरशेजारी बसले. थोड्या वेळाने, आत वाफ भरताच, झाकणावरची इवलीशी पिन टुणकन वर आली, आणि नातवाचा पहिला दात दिसावा तसे काका ओरडले, "आली! पिन वर आली! अगं, बघ तरी!" शिजून झाल्यावर वाफ सोडायचं कामही त्यांनी कुणाला दिलं नाही. लांब दांड्याच्या चमच्याने, तोंड फिरवून, त्यांनी बटण दाबलं. फुस्स! चष्मा पांढराफटक झाला आणि त्या पांढऱ्या चष्म्याआडून काका खुदुखुदु हसत राहिले.

चिकन हाडावरून आपोआप सुटत होतं. पहिला घास काकूंनी खाल्ला आणि त्या कुकरकडे एकटक बघायला लागल्या.

"काय गं? कच्चं राहिलं?"

"इतकी वर्षं, अहो," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्या पातेल्यापाशी उभी होते!"

काकांचे कान लाल झाले. मग त्यांनी काकूंचं ताट पुढे ओढलं, त्यात रस्सा वाढला, फोडी निवडून निवडून वाढल्या. "आता तू बस," म्हणाले. "पुढचे रविवार माझे."

माणूस शब्दाचा पक्का निघाला. आता रविवारी लाँड्रीतले त्यांचे जुने दोस्त जमतात. ती सगळी पिकल्या केसांची मंडळी कुकरभोवती खुर्च्या टाकून बसते, आणि त्यांचा जल्लोष भिंतीपलीकडून मला ऐकू येतो.

काकूंनी पोहण्याचा क्लास लावलाय. गेल्या रविवारी जिन्यात भेटल्या. केस ओलेचिंब, खांद्यावर टॉवेल, डोळे लालबुंद.

"आज डोकं पाण्याखाली घातलं मी!" माझा हात धरून म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवून! सगळं निळं निळं दिसतं गं!"

आणि मी काही बोलायच्या आत दार ढकलून आत गेल्या. "अहो, वाढा लवकर! भुकेने जीव चाललाय माझा!"