ॲडमिनची खिडकी आणि नानांचा कान

"काकू, पी ड्राइव्ह सापडत नाही म्हणतोय," असं म्हणून मॅडम उठल्या आणि खुर्ची मला दिली.

धुळ्यात त्यांचं श्रवणयंत्रांचं छोटं सेंटर आहे. कान तपासायचा, मशीन बसवायचं, आवाज जुळवून द्यायचा. त्यांचा कॉम्प्युटर पहिल्यापासून मीच बघते. कॉलेजात वगैरे मी काही शिकले नाही हो. टायपिंग क्लासमधले बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून उघडून शिकले. आता साठी उलटली तरी लोक बोलावतात, मीही जाते.

आदल्या दिवशी मॅडमनी नव्या विंडोजचं अपग्रेड करून घेतलं होतं. बाकी सगळं छान चालू होतं. फक्त ज्यात पेशंटच्या फाइली, तो जुना प्रोग्राम अडून बसला.

समोर बाकावर सोनगीरचे नाना आणि त्यांच्या घरच्या अक्का बसलेल्या. नानांचं मशीन दुरुस्त होऊन आलं होतं, पण आतून कोरं. कुठला आवाज वाढवायचा, कुठला दाबायचा, हे त्यांचं सेटिंग त्या फाइलीत. पुन्हा पुन्हा बोलावून मॅडमनी ते बसवलेलं. भांडी आदळली तरी कानात खुपू नये आणि माणसाचा शब्द मात्र कळावा, हे एका बैठकीत जमत नाही.

"अक्का, आजच पाहिजे का?" मी विचारलं.

"मंग? उद्या शिरपूरले नातना लगीननी बोलणी शे," अक्का म्हणाल्या. "ह्यास्ले ऐकू नही उनं की ह्या बठ्ठास्ले, कोनी काय बी इचारो, हो म्हणतस. पोऱ्याना लगीनमा असंच व्हयनं. समोरचा इचारे, आम्हना गावले लगीन करूत का? हो. हळद बी आम्हनाकडे? हो. आम्ही आम्हना घरनं लगीन पाव्हनासारखं देखी उनूत."

नाना मान हलवून म्हणाले, "हो, हो."

"देखा," अक्का म्हणाल्या.

आता हा पी ड्राइव्ह काय ते सांगते. कॉम्प्युटरात पी नावाची डिस्क मुळात नाहीच. तो प्रोग्राम जुना, तो हट्टाने पी मध्येच फाइली शोधतो. म्हणून मी एका साध्या फोल्डरला पी हे टोपणनाव देऊन ठेवलं होतं. त्याची एका ओळीची कमांड असते, 'सब्स्ट' नावाची. कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपोआप चालायची. अपग्रेडनंतर ती चालली नाही. म्हणजे आता हाताने द्यायची, आणि त्यासाठी ती काळी खिडकी उघडायची, जिच्यात माउस नाही, नुसतं टाइप करायचं. कमांड प्रॉम्प्ट म्हणतात तिला.

माझी सवय म्हणजे स्टार्ट बटणावर राइट क्लिक. तिथे काळी खिडकी नाहीच. दोन नवी नावं, 'टर्मिनल' आणि 'टर्मिनल ॲडमिन'. टर्मिनल म्हटल्यावर मला तर बस स्टँडच आठवला.

"ॲडमिनच घ्या काकू," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे पुढे परवानगीवरून अडायचं नाही."

मलाही ते पटलं. कॉम्प्युटरने विचारलं, उघडू का? म्हटलं, उघड बाबा. ओळ टाइप केली, एंटर. त्याच खिडकीतून पी मध्ये डोकावून बघितलं तर नानांची फाइल तिथेच.

"सापडली हो नाना," मी जरा मोठ्याने म्हटलं.

"जेवण? जेवण व्हई गयं," नाना म्हणाले.

मॅडमनी प्रोग्राम सुरू केला. पी ड्राइव्ह सापडत नाही. बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. मी पुन्हा ओळ दिली, तर खिडकी म्हणते, हे नाव आधीच दिलेलं आहे. आता बघा, एकाच कॉम्प्युटरात एक म्हणतो नाव दिलंय, दुसरा म्हणतो ह्या नावाचं कोणी नाही.

"काकू, नवीन टेस्ट घेऊ का?" मॅडमनी हळूच विचारलं. "उद्यापुरतं काहीतरी होईल."

"काहीतरी झालं तर ह्या काहीतरीलेच हो म्हणतीन," अक्का म्हणाल्या.

मी हात मांडीवर ठेवून बसले. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. माझंही बदललं. सासरचं नाव घेऊन माहेरच्या गल्लीत कोणी विचारत आलं, तर लोक सांगायचे, अशी कोणी राहत नाही इथे. बाई तीच, पण ते नाव ह्या घरात कोणाला ठाऊकच नाही. इथेही तसंच झालेलं. ॲडमिन म्हणून उघडलेली खिडकी म्हणजे वेगळं घर. तिथे ठेवलेलं नाव तिथेच चालतं. मॅडमचा प्रोग्राम साध्या घरात राहतो, त्याला ते कसं कळणार?

ती खिडकी बंद केली. खाली शोधायच्या पट्टीत 'सीएमडी' टाइप केलं. कमांड प्रॉम्प्ट आला. शेजारी 'ॲडमिन म्हणून चालवा' असंही होतं, त्याला हात लावला नाही. नुसतं एंटर, आणि तीच ओळ.

प्रोग्राम उघडला. नानांचं नाव, त्याखाली त्यांचा सगळा कान.

मॅडमनी मशीनला वायर जोडली, सेटिंग भरलं आणि मशीन नानांच्या कानात बसवलं. अक्कांचं मला सांगणं चालूच होतं, "आते ऐकू उनं तरी काय, मनं तर ते कव्हयच ऐकतस नही."

"ऐकस ना," नाना म्हणाले. "जरा हळू बोल. दवाखाना शे हाऊ."

अक्कांनी वळून नानांकडे बघितलं. मॅडम तोंड फिरवून हसल्या.

ती ओळ आपोआप चालायची सोय मी पुन्हा करून ठेवली. साध्या घरातच. दोन दिवसांनी अक्कांचा फोन आला. बोलणी नीट झाली, लग्न सोनगीरलाच होणार. "पण ह्या आते बठ्ठास्ले नही म्हणतस," त्या म्हणाल्या. "ते सेटिंग जरासं कमी करता येस का?"

ते मॅडमचं खातं, माझं नाही. माझ्या खात्यातलं एवढंच सांगते: काळी खिडकी नव्या विंडोजमध्ये जागेवर नसली तर 'सीएमडी' टाइप करा, आणि आधी साधीच उघडा. ॲडमिन होऊन केलेलं काम खालच्याला दिसतंच असं नाही.