नावापुढे लावलेला शब्द

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलं नाही, आणि आईची सही म्हणजे अजूनही अंगठा. दहावीपर्यंत मी जैनथकडच्या आमच्या गावात सरकारी मराठी शाळेत शिकलो. पुढे सगळं इंग्रजी, मध्ये मध्ये तेलुगू. त्यामुळे माझं मराठी अडखळेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. मोठ्या लोकांनी लिहावं अशा जागी मी लिहितो आहे, हेही कळतं. पण जे झालं ते मराठीत झालं. म्हणून मराठीतच सांगतो.

तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकतो. हे पहिल्या वर्षाचं आहे.

लॅबच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावलेला होता. सर आम्हाला एक एडिटर शिकवत होते. एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचं साधन. याला माऊस लागत नाही, सगळं कीबोर्डवर. एका मोडमध्ये लिहायचं, दुसऱ्यात हुकूम द्यायचे, तिसऱ्यात मजकूर निवडायचा. निवडायच्याही तीन तऱ्हा. एकेक अक्षर. पूर्ण ओळ. आणि तिसरी, उभा पट्टा. खाली खाली जाणाऱ्या ओळींमधला तेवढाच भाग धरायचा, वावरात एक सरी धरून निंदत जावं तसा.

सर आदिलाबादचेच, मराठी घरातले. शिकवायचे हिंदी-इंग्रजीत. टोमणा मात्र मराठीत मारायचे. तो बरोबर कुणाला लागावा हे त्यांना माहीत होतं.

"उदाहरणाला नावं घेऊ," सर म्हणाले, आणि आमच्या वर्गाची यादी उघडली. प्रवेशाच्या प्रकाराप्रमाणे लावलेली होती. फी माफ असलेली आम्ही पोरं-पोरी एकाखाली एक आलेलो. वस्तीवरची, तांड्यावरची, गोंडांच्या गुड्यातली, म्हणजे पाड्यावरची. आमच्या गठ्ठ्यात पहिलं नाव माझं.

"ही घेऊ. ही बरी आहेत. लागोपाठ सापडतात."

पहिल्या बाकांवर कुणीतरी हसलं.

सरांनी कंट्रोल आणि व्ही दाबलं. एक उजळ पट्टी माझ्या नावापासून खाली सरकत गेली. आमच्या सगळ्यांच्या पहिल्या अक्षरांवरून. मग मोठा आय, म्हणजे पट्ट्याच्या पुढे लिहायचा हुकूम. मग त्यांनी टाईप केलं. एफ. आर. ई. ई. मग मोकळी जागा.

त्या एडिटरची एक रीत आहे. पट्ट्यात लिहिताना अक्षरं आधी फक्त पहिल्या ओळीत दिसतात. एस्केप दाबेपर्यंत बाकीच्या ओळी तशाच राहतात. म्हणजे आख्ख्या भिंतीवर एकट्या माझ्या नावापुढे लिहिलं होतं, फ्री.

सरांनी हात कीबोर्डवरून उचलला. एस्केप दाबलं नाही. थांबले.

"बाकीच्यांना अजून लागलं नाही. घाबरू नका, लागेल."

वर्ग हसला. मला खाली बघावं वाटलं, पण मान वळेना. मी भिंतीकडे बघत राहिलो. माझं नाव माझ्या आजाचं नाव आहे. आजा गेला तेव्हा ते मला दिलं.

मग सरांनी एस्केप दाबलं. तो शब्द एकदम सगळ्यांवर पडला.

"बघा. ह्या लोकांचं एक बरं असतं. कितीही असले तरी एकदाच टाईप करावं लागतं."

आणि फाईल सेव्ह केली.

ती यादी दर लॅबला उघडायची. कोण कुठल्या मशीनवर बसणार ते तिच्यावरून ठरायचं. दर वेळी तो शब्द तिथं असायचा. सरांनी काढला नाही. पहिल्यांदा लोक हसायचे. मग हसणंही थांबलं. ते जास्त वाईट होतं. कुणाला काही वाटेनासं झालं. कँटीनमध्ये आम्ही गेलो की, "ए फ्रीवाले, चहा पण फ्रीच काय रे?" हे तर रोजचं. हजेरी घेणारा मुलगा एकदा चक्क म्हणाला, "फ्रीवाले सगळे आले का?" आणि आम्ही म्हणालो, "आले."

मीही म्हणालो.

त्या दिवशी घरी जाताना बापाच्या ऑटोत पुढे बसलो होतो. बाप आदिलाबाद-जैनथ रस्त्यावर ऑटो चालवतो. त्यानं विचारलं, "काऊन रे, तोंड काऊन पाडलं?" मी म्हणालो, "काई नाई." हे खोटं बोलताना माझ्या आत काहीतरी कडक झालं. न्याय वगैरे शब्द मला तेव्हा सुचले नाहीत. मला फक्त एक पाहिजे होतं. ज्या बोटांनी तो शब्द लावला, ती बोटं सगळ्या वर्गासमोर थरथरताना बघायची होती.

मी एडिटर शिकायला लागलो. दुपारच्या सुट्टीत लॅब रिकामी असायची. एडिटरच्या आतच शिकवणीचे धडे असतात, ते करत गेलो. बोटं चुकायची. लिहायच्या मोडमध्ये आहे असं समजून हुकूम द्यायच्या मोडमध्येच टाईप करायचो, आणि ओळीच्या ओळी गायब. शिकताना समोर काहीतरी मजकूर पाहिजे म्हणून मी आमच्या वस्तीतल्या माणसांची नावं इंग्रजी अक्षरांत टाईप केली. एका ओळीत एक. पहिलं बापाचं. मग आईचं. मग विहाराजवळची म्हातारी, मग कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारे काका, मग सगळेच. पट्टा धरला, मोठा आय, आणि लिहिलं, श्री.

आधी एकट्या बापाच्या नावापुढे दिसलं. मी एस्केप दाबलं. आख्खी वस्ती श्री झाली. आईलाही श्रीच लागलं, पण मी ते तसंच राहू दिलं.

मला रडू आलं नाही. मला राग आला. इतकं सोपं होतं. त्या माणसाला एवढ्याच कष्टात हे लिहिता आलं असतं, आणि त्यानं ते लिहिलं.

एका दुपारी प्रकाश माझ्यासोबत होता. प्रकाश गुडीहत्नूरकडचा, त्याचंही नाव त्या पट्ट्यात होतं. मी वर्गाची यादी उघडली. त्या शब्दावर पट्टा धरला. एफपासून मोकळ्या जागेपर्यंत, वरून खाली सगळ्यांचा. आता फक्त एक्स दाबायचं होतं. शब्द गेला असता, नावं राहिली असती.

बोट एक्सवर होतं.

"दाब ना बे," प्रकाश म्हणाला.

"नाई."

"काऊन? येत नाई काय?"

"येते."

"मंग?"

"मी काढला तं त्यानं लावलाच नव्हता असं होते. ज्यानं लावला त्यानं काढावं. सगळ्याईच्या पुढं."

प्रकाश हसला. "तू येडा झाला. अबे, शब्दच आहे. अन् फी आपण खरंच भरत नाई."

"त्याच्या बापाचं खातो काय?"

"मार्क त्याच्या हातात आहे, एवढं ध्यानात ठेव."

मी एस्केप दाबलं. पट्टा निघाला, शब्द राहिला. प्रकाश माझ्याशी त्या दिवशी पुढे बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं. माझ्यामुळे त्याच्याही नावापुढे तो शब्द आणखी राहणार होता, आणि मी त्याला विचारलं नव्हतं. पण मी तो परत कधी काढायला गेलो नाही.

मग प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरच्या कॉलेजातून एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या. तोंडी परीक्षेचा क्रम दाखवायला सरांनी नेहमीच्या सवयीनं प्रोजेक्टरवर यादी उघडली, आणि त्यांना दिसलं. त्यांना त्या शब्दाची इतकी सवय झाली होती की तो आहे हे तेही विसरले होते. मॅडम दाराशी प्रिन्सिपलशी बोलत होत्या.

सरांनी मला बोटानं बोलावलं. आवाज खाली होता.

"ए, इकडं ये. ते काढून टाक पटकन. तुला येतं म्हणे आता."

"येतं सर."

"मग काढ."

"तुम्ही लावलं. तुम्हीच काढा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं हे म्हणताना माझा आवाज फाटेल. नाही फाटला.

"मस्ती आली काय?"

मी जागेवरून हललो नाही. मॅडम आत आल्या. सरांनी घाईत कीबोर्डवर हात टाकला. कंट्रोल दाबायच्या जागी बोट शिफ्टवर पडलं. उभा पट्टा धरायच्या ऐवजी पूर्ण ओळी धरल्या गेल्या. आमच्या सगळ्यांच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ते लगेच दिसलं. मी गप्प बसलो. सरांनी एक्स दाबलं.

शब्द गेला. आमची नावंही गेली. यादीत आम्ही नव्हतोच. वरचे आणि खालचे एकमेकांना येऊन भिडले, मध्ये कुणी कधी नव्हतंच असे.

मागून सुनीता, ती तांड्यावरची, मोठ्यानं म्हणाली, "सर, आमी कुठं गेलो?"

सरांनी केलेलं परत फिरवायला यू दाबलं. नावं परत आली. प्रत्येकाच्या पुढे तो शब्द घेऊन. मॅडम आता भिंतीकडेच बघत होत्या.

"ये फ्री क्या है सर?"

"कुछ नहीं मॅडम. टेस्टिंग का है."

त्यांची बोटं थरथरत होती. मी बघितली. पोटभर बघितली.

मी म्हणालो, "मॅडम, टेस्टिंग का नहीं है. हम लोगों की फीस माफ है, इसलिए सर ने लगाया. क्लास में, सबके सामने. लगाके हँसे."

मॅडमनी सरांकडे बघितलं, मग हातातल्या घड्याळाकडे. "चलिए, वायवा शुरू कीजिए." एवढंच. सरांनी प्रोजेक्टर बंद केला. तो शब्द त्यांनी त्या दिवशीही काढला नाही, आमच्यासमोर तरी.

पुढच्या आठवड्यात बापाला कॉलेजात बोलावलं. प्रिन्सिपल जुन्या वळणाचे, गोड बोलणारे. म्हणाले, मुलगा हुशार आहे, पण शिक्षकाचा अपमान झाला आहे. एक माफीनामा लिहून दिला की मार्क पाठवून देऊ.

बाप खाकी शर्टात उभा होता. खुर्ची होती, बस म्हटलं नाही, तो बसला नाही.

"माफीनामा कोनं द्याचा साहेब?"

"तुमच्या मुलानं."

"अन् त्या सराईनं?"

"त्यांनी कशाचा द्यायचा?"

बापानं माझ्याकडे बघितलं. त्याला मी घरी अजून काहीच सांगितलं नव्हतं. तिथंच सांगितलं, प्रिन्सिपलच्या समोर, जसं झालं तसं. सर कसे थांबले होते, काय म्हणाले होते, शब्द न बदलता. आजाचं नाव आलं तेव्हा बापाचा जबडा हलला.

"साहेब," तो म्हणाला, "ते माह्या बापाचं नाव होय. पोरगा लिहून देनार नाई. अन् तुमी मले म्हनसान का सही दे, तं मीबी देनार नाई."

रस्त्यात ऑटो थांबवून त्यानं विचारलं, "मार्क गेले तं?"

"पुना परीक्षा देतो."

"अन् पुना नापास केलं तं?"

"पुना देतो."

त्यानं ऑटो चालू केला. शाबासकी वगैरे काही दिली नाही. बराच वेळ मनातल्या मनात सरांना शिव्या देत राहिला असावा, कारण खड्डे त्यानं चुकवले नाहीत.

मार्क गेले. त्या विषयात मी नापास झालो. वर्ग पुढे गेला आणि मी त्या एका पेपरला मागे राहिलो. प्रकाश पास झाला. त्यानं मला पेढा आणून दिला आणि म्हणाला, "तुले सांगलं होतं." मी पेढा खाल्ला. पुढच्या खेपेला परीक्षा दिली, दुसऱ्या सरांनी घेतली, पास झालो. त्याचा मला आनंद झाला नाही. सर तोवर कॉलेज सोडून गेले होते. कुणी म्हणालं माझ्यामुळे, कुणी म्हणालं जास्त चांगली जागा मिळाली. कुठं गेले ते कुणी सांगेना. मला वाटलं, संपलं. आणि संपलं या गोष्टीचाच मला राग येत राहिला. त्या माणसानं तो शब्द स्वतःच्या हातानं काढला नाही, हे माझ्या छातीत तसंच होतं.

काल फोन आला. अनोळखी नंबर. एक मुलगी. भैंसा गावाकडच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे म्हणाली. सुनीताची नात्यातली, नंबर सुनीतानं दिलेला.

"दादा, आमाले एक नवे सर आले, आदिलाबादचे. ते एडिटर शिकवून राह्यले."

पुढचं मला माहीत होतं.

"आमच्या नावाच्या पुढं फ्री लावलं त्याईनं. सगळे हासले. मैत्रिणी म्हनतेत, लॅब रिकामी असली का काढून टाकू. काय करू?"

"कितीजणी आहात?"

"लय आहोत."

"काढू नका," मी म्हणालो. "कोणीच काढू नका. पुढची लॅब कधी आहे?"

"सोमवारी."

मी बापाला उठवलं आणि सांगितलं, सोमवारी ऑटो जैनथला न्यायचा नाही. त्यानं विचारलं, "कुठं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सकाळी लवकर निंगू."