आप्पांचा माग चालू आहे

किस्से मुद्दाम कोण गोळा करतं हो? ते आपोआप साठतात. एका जागी चार माणसं रोज आठ तास बसली आणि त्यातले पाच तास कुणी फिरकलंच नाही, तर दुसरं होणार तरी काय!

आमची जागा म्हणजे निपाणीच्या अलीकडचं, नदीकाठचं गिरणीचं गाव. कापडगिरणी कधीच बंद पडली. पण कामगारांच्या खोल्या, शाळा, दवाखाना, साहेबाचा बंगला, मागांची शेड, सगळं एका ट्रस्टनं जसंच्या तसं जपून ठेवलंय. लोक तिकीट काढून बघायला येतात. मी तिथली गाईड. मूळची येळ्ळूरची, आता निपाणीत खोली घेऊन राहते. तिकिटाच्या खिडकीत शांताक्का, गेटवर बसूअण्णा आणि शेडमध्ये आप्पा. आप्पा शहापूरचे, विणकराच्या घरातले. याच गिरणीत तीस वर्षं मागावर होते. आता शेडमधला एकच माग चालू आहे, तो ते लोकांना चालवून दाखवतात.

आम्ही चौघंही कॉन्ट्रॅक्टवर. आणि दिवाळीपासून एकच बातमी फिरत होती. बेंगळुरूहून कमिटी येणार आणि माग चालू ठेवायचा की शेडमध्ये मोठा पडदा लावून फिल्म दाखवायची, ते ठरवणार. फिल्म आली की आप्पा गेलेच. फिल्म बोलायला लागली की गाईड तरी कशाला हवी? त्यामुळं आम्हाला कुणालाच चैन नव्हतं. शांताक्का पुसलेली खिडकी परत पुसायची. मी दर गाडीच्या आवाजाला गेटपर्यंत जाऊन यायची.

• • •

कामगाराची एक खोली आम्ही मांडून ठेवलीय. दहा बाय दहा, चूल, खाट, फडताळ, दोरीवर धोतर. पुण्याचे एक इंजिनियर ती अर्धा तास बघत होते. मला वाटलं, माणूस हळवा झाला. बाहेर येऊन हळूच विचारतात, "मॅडम, वीकेंडला मिळेल का?"

"सर, म्युझियम आहे हे."

"ते कळलं हो. पण ब्रेकफास्ट इन्क्लुडेड आहे का?"

त्यांच्या मागं उचगावची एक म्हातारी होती. बोर्डावर लिहिलंय, या खोलीत सात माणसं राहायची. नातीनं ते तिला वाचून दाखवलं. म्हातारीनं खोलीवर एक नजर टाकली आणि म्हणाली, "सातच? मग मोकळंच व्हतं की!"

• • •

एकदा एकाच वेळी दोन शाळांच्या सहली आल्या, एक मराठी, एक कन्नड. त्या दिवशी माझा घसा बसला होता, म्हणून बसूअण्णा मदतीला आले. गडबडीत मराठी पोरं गेली बसूअण्णांकडं, त्यांचं मराठी पंधरा मिनिटांत संपलं आणि पुढं सगळं कन्नड. माझ्याकडं आली कन्नड पोरं. माझं कन्नड तसं बरं आहे, पण घसा बसला की मला मराठीच सुचतं! तासाभरानं लक्षात आलं, तेव्हा मी घाबरले. आता कुणीतरी तक्रार करणार.

पोरांना काही अडलं नव्हतं. मागावर आडवा धागा घेऊन धोटा कसा पळतो ते दोन्हीकडची पोरं एकमेकांना दाखवत होती. अडलं होतं ते दोन्हीकडच्या मास्तरांचं. ते बिचारे बाकावर शेजारी बसून एकमेकांना विचारत होते, "आता ती काय म्हणाली?"

• • •

प्री-वेडिंग शूटवाले हा आमचा वेगळाच ताप. एक जोडपं आलं, बरोबर तीन कॅमेरे. मुलीची ओढणी चार हात लांब. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, माग चालू ठेवा, ओढणी त्याच्यावरनं उडू दे."

आप्पांनी खाडकन माग बंद केला.

"का हो? मस्त फ्रेम होती!"

आप्पा ओढणी गोळा करून नवऱ्या मुलाच्या हातात देत म्हणाले, "आधी लगीन हूं दे रं बाबा. मग आयुष्यभर अडकायचंच हाय!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ओढणी मागाच्या फिरत्या पट्ट्यात गेली असती तर काय झालं असतं, ते त्यांना माहीत होतं.

• • •

ते मलाही एका सोमवारी कळलं. एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. टोपी, कडक इस्त्रीचा सदरा.

शांताक्का म्हणाली, "तिकीट घ्या, आजोबा."

"मला कशाचं तिकीट? मी हितं कामाला व्हतो."

शांताक्काला असे रोज चार भेटतात. ती म्हणाली, "सगळेच असं म्हणतात हो. काही पुरावा आहे का? कार्ड, फोटो?"

त्यांनी उजवा हात खिडकीतनं आत केला. मधली दोन बोटं नव्हती.

"बाकीचा मी हितं हाय. दोन बोटं आतच हाईत. ती बघून येतो."

शांताक्का खिडकी सोडून बाहेर आली आणि स्वतः त्यांना शेडपर्यंत घेऊन गेली. त्या दिवशी तिकिटाची रांग लागली होती, ती तशीच थांबली. त्यानंतर 'हितं कामाला व्हतो' म्हणणाऱ्याला ती पुरावा विचारत नाही. ट्रस्टचे मॅनेजरसाहेब ओरडतात, ओरडू देत.

• • •

कमिटी सोमवारी येणार असं नक्की झालं आणि मॅनेजरसाहेबांनी शेड धुवायला काढली. तीन दिवस खपून बसूअण्णांनी छतावरची सगळी जळमटं उतरवली. शनिवारी एक सल्लागार आधी पाहून जायला आला. वर बघितलं, नाक मुरडलं. "फारच क्लीन आहे. जुनं वाटत नाही. ती जाळी वगैरे हवी होती. फील येतो."

मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला. "बसू, जाळी परत लावता येतील का?"

तीन दिवसांचा घाम पुसत बसूअण्णा म्हणाले, "कोळीकिड्यांची भरती काढा की साहेब! त्यांनाबी कॉन्ट्रॅक्टवरच घ्या!"

• • •

सोमवारी कमिटी आली. गाव बघितलं आणि बैठकीला शेडच्या टोकाला असलेल्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली. पूर्वी तिथं बसून साहेब मागांवर नजर ठेवायचा. आप्पांना हुकूम होता, माग चालू ठेवायचा. दार बंद. आम्ही तिघं मागापाशी उभे. पाणी प्यायचं म्हणून बाटली उघडली आणि तशीच हातात धरून राहिले.

"आत काय चाललंय देव जाणे," मी म्हणाले.

"च्या बरा झालाय म्हणाय लागलेत," आप्पा म्हणाले. नजर केबिनकडं, हात मागावर.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"अगं, तीनशे माग चालायचे हितं. कान कुणाच्या कामाचे? तीस वर्षं आमी एकमेकांचं बोलणं व्हटांवरनंच घेतलंय."

चहा शांताक्कानंच केला होता, ती खूश! बसूअण्णा पुढं सरकले. "मुंदे, आप्पा? पुढं काय?"

"त्यो चष्मेवाला इंग्रजी फाडतोय, त्ये आपल्याला गावत न्हाई. मोठा साहेब कन्नडातनं बोलतोय. पाट्या बदलायच्या म्हणतोय... गेटवर ह्योच माणूस असूं दे म्हणतोय... पोरी, तुझं निघालं बघ."

"काय?"

"ठेवायचं म्हणत्यात. पोरगी चांगलं बोलती म्हणाला."

मला रडूच फुटलं. इतके महिने मी रात्री नीट झोपले नव्हते. शांताक्कानं माझी पाठ चोळली. मग माझ्या लक्षात आलं, आप्पा गप्प झालेत.

"आणि तुमचं, आप्पा?"

"काय न्हाई. साहेबानं तोंड फिरवलं तिकडं."

साहेबाचं तोंड सरळ आमच्याकडं होतं. ओठ हलत होते. मला स्पष्ट दिसत होतं.

थोड्या वेळानं दार उघडलं. मोठे साहेब हसत आले. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नसणार अशा समजुतीनं आप्पांच्या कानाशी वाकून मराठीत ओरडले, "आप्पा! फार छान! असंच चालू ठेवा!"

आप्पांनी माग बंद केला. शेडमध्ये एकदम शांत झालं. मागच्या रुळावर गुंडाळलेल्या ताण्यावरनं, विणायच्या राहिलेल्या उभ्या सुतावरनं, त्यांनी तळहात फिरवला, अंदाज घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "तुमी आत म्हणालात त्या दोन महिन्यांत ह्यो ताणा संपत न्हाई. अडीच लागतील."