रेखाच्या कार्डावर 'निरोगी' कुणी लिहिलं

१७ डिसेंबर १९९७, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सातवीतली रेखा न तपासताच निरोगी ठरली.

अक्षर माझं होतं.

तीर्थपुरीजवळच्या एका शाळेत मी तेव्हा तिची वर्गशिक्षिका होते. वर्षातून एकदा मुलांच्या आरोग्य तपासणीचं पथक जीपनं यायचं. एका दिवसात त्यांना तीन शाळा उरकायच्या असत.

म्हणून आमच्याकडे एक सोय होती. कार्डं आदल्या दिवशी शिक्षकांनीच भरायची. वजन-उंची अंदाजे, डोळे ठीक, दात ठीक, शेवटी 'निरोगी'. डॉक्टरांनी फक्त सही करायची.

मी कॉन्व्हेंटची. सिस्टरांनी पट्टी मारून अक्षर घडवलेलं. त्यामुळे इतर वर्गांची कार्डंही हेडमास्तर माझ्याच टेबलावर आणून टाकत.

मला त्याचा अभिमान वाटायचा. मूर्खपणा.

रेखा कवायतीत मागे पडायची. दोन पायऱ्या चढली की दाराला धरून दम खायची. मुली तिला 'म्हातारी' म्हणत, तीही हसायची. तिचं कार्ड मी बाकीच्यांच्या ओघातच भरलं.

तपासणीच्या दिवशी ती न्हाऊन, लाल रिबिनी बांधून आली. डॉक्टर बघणार म्हणून आईनं तयार केलं होतं.

तेव्हा मला जाग आली. गठ्ठ्यातून तिचं कार्ड काढून मी स्टाफरूमकडे गेले. आत पोहे आणि सह्या एकदमच चालू होत्या. हेडमास्तरांनी मला दारातच अडवलं.

"बाई, एक पोरगी दाखवली तर बाकीचे कार्ड बराबर कसे म्हणायचे? ठेवा ते. जीप उभीय."

मी ठेवलं.

बाहेर रेखानं विचारलं, "बाई, माझा नंबर कधी?"

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले.

पालकांच्या सहीसाठी कार्ड घरी गेलं आणि तिथेच राहिलं. संक्रांतीनंतर तिचे वडील शाळेत आले. अंकुशनगरला कारखान्यावर कामाला होते. पोरीला दम लागतो म्हणाले. मी म्हटलं, जालन्याला दाखवा. त्यांनी खिशातून घडी घातलेलं कार्ड काढलं.

"पर हितं तर निरोगी लिव्हलंय. मंग कशाला खर्चा?"

शेजारच्या खुर्चीत हेडमास्तर बसलेले. मी कार्डाची घडी घालून परत दिलं.

माझी जीभ तिखट आहे, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी ती कुठे गेली होती?

दीड वर्षानं रेखाचे पाय सुजले. जालन्याला मीही सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय, फार उशीर केलात. वडिलांनी पुन्हा ते कार्ड पुढे केलं.

"बाईंचं अक्षर हाय, साहेब. चुकायचं न्हाई."

९ ऑगस्ट १९९९ ला रेखा गेली. आज तीच तारीख.

इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात आमच्या त्याच हेडमास्तरांची पोस्ट वाचली, 'आमच्या काळी प्रत्येक मुलाची तपासणी व्हायची'. खाली शंभर जणांचे हात जोडलेले.

काल रेखाच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. ते उठले. आतून कार्ड आणलं, माझ्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत बसले.

कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आज मी पेनानं लिहिलं: 'या मुलीला कुणीही तपासलं नव्हतं.' खाली सही केली. फोटो सोबत आहे.

सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवता. फूल नको. ते कार्ड परत गठ्ठ्यात का ठेवायला लावलंत, याचं लेखी उत्तर इथेच हवं. ३१ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत. माझं उत्तर मी वर दिलं आहे.

रेखा, बाळा, तुझ्या बाईंचा तुला नमस्कार.