मोटेवर शिकलेला मृदंग

आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा माझं लग्न होऊन पदरी एक लेक होती. बारामतीच्या डॉक्टरनं हात टेकले. आमच्या कळंबच्या देवळात भजनाला मृदंग आबांचाच, त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचा. भजनी मंडळी घरी आली आणि अवघडत सांगून गेली, "चैत्रात सप्ताह हाय. घरचं कुणी बसलं तर ब्येसच, न्हायतर शेजारच्या अंथुर्ण्याचा वादक आणावा लागंल." आबांची जीभ जड झाली होती, तरी ते पटकन बोलून गेले, "माझा ल्योक बसंल."

ल्योक म्हणजे मी. तोवर मी मृदंगाला हात लावला असेल तो धूळ पुसायला!

आबांनी बाजेवरूनच रीत लावून दिली. सकाळी मी नुसतं तोंडानं बोल म्हणायचे, दुपारी मांडीवर वाजवायचे, आणि दिवेलागणीला डाव्या पुडीला कणीक लावून खरोखरच्या मृदंगावर. "हातात यायच्या आदी तोंडात बसलं पायजे," आबा म्हणायचे. म्हणायला काय जातंय! माझी सकाळ मोटेवर जायची. पन्नास सालानंतरची गोष्ट, पण आमच्या विहिरीवर इंजिन कुठलं यायला? बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की मी नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसायचो, विहिरीतून भरली मोट वर यायची, ओतली की बैल पाय मागं टाकत पुन्हा वर. त्या तालावर मी सुरू: तिट कत गदि गन, तिट कत गदि गन. शेजारचा मळेकरी ओरडायचा, "बैलास्नी भजनाला बसवतूस का काय रं?" मी त्याला दोन शिव्या हासडायचो आणि पुन्हा गदि गन.

फाल्गुन लागेपर्यंत बोल पाठ झाले, बोटंही वळायला लागली. मला वाटलं, जिंकलं. भजनाला बसून पाहिलं, तर अर्ध्या अभंगात टाळकरी एकमेकांची तोंडं बघायला लागले. त्यांच्यातले म्हातारे तात्या टाळ खाली ठेवून म्हणाले, "लेका, तू मोटेवर शिकलास व्हय? उताराला पळतूस आन् माघारी येताना रेंगाळतूस."

आग लागो त्या मोटेला! त्यांचं खरं होतं. अख्ख्या हंगामाची मेहनत, आणि बैलांची चाल माझ्या हाडात शिरलेली. घरी येऊन मी मृदंग आपटायलाच उचलला होता. बायकोनं हात धरला म्हणून वाचला.

सप्ताह पंधरवड्यावर आलेला. आबांनी पहिली रीत मोडली. मोटेवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. संध्याकाळी मी बाजेला टेकून खाली बसायचो, ते धड राहिलेल्या डाव्या हातानं माझ्या पाठीवर ठोका धरायचे आणि मी त्याला धरून वाजवायचो. आधी इतकं संथ की जांभई यावी. हात पळाला की पाठीत बुक्की. बुक्की कसली, आजारानं खंगलेल्या त्या हातात जोर होता कुठं? मीच मेल्याहून मेल्यासारखा होऊन पहिल्यापासून सुरू करायचो. झोपेत बैल दिसायचे. पण हळूहळू लय एका जागी उभी राहायला लागली.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी मी अख्खा अभंग वाजवला. कुठं सांडला नाही, कुठं रेंगाळला नाही. बायको दारात उभी राहून हसली. मी वळून आबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून पडले होते.

"अंथुर्ण्याला निरोप धाड," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "का? आता काय चुकलं? सांगा की, काय चुकलं?"

"काय बी न्हाय चुकलं. पर तू माझा हात ऐकून वाजवतूस. तितं माझा हात न्हाय."

"मग चला की! बाजंसकट उचलून नेतो तुमाला देवळात. पाठीमागं ठेवतो."

आबांनी डोळे उघडले. रागावले नव्हते, तेच मला सोसेना.

"आन् पुढल्या साली रं?"

मी डाव्या पुडीवरची कणीक खरवडून काढली. उजाडताच सायकल काढली आणि मीच अंथुर्ण्याला गेलो. रस्त्याला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडून घेतलं.