मेंढरांची हाक

"अरे, वो भेडोंवाली आवाज निकाल ना," मोठे साहेब मला म्हणाले.

हातात बीपीचं मशीन घेऊन मी मोठ्या साहेबांच्या बंगल्यासमोर हिरवळीवर उभा होतो. त्यांच्या आईचं बीपी बघायला बोलावलं होतं. मी फौजेत नर्सिंग असिस्टंट. जवानांच्या जखमा बांधणारा, सुया देणारा. पार्टी चालू होती. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की हा आमचा गडरिया, ह्याचा बाप अजून मेंढरं राखतो.

मी हसलो. दुसरं काय करावं कळंना. अफसर व्हायच्या परीक्षेला बसायचं तर साहेबांची शिफारस लागते, आन् माझी शिफारस त्यांच्याच टेबलावर पडून होती. म्हणून हाक मारली. वर्दीत. जीभ टाळूला लावून, आबा मारतात तशी लांब. लोकं पोट धरून हसले. एक बाई वन्स मोर म्हणाली. मी पुन्यांदा मारली.

आबा म्हंजे माझे वडील. कळमनुरी तालुक्यात आमचं गाव, थोडी शेती आन् मेंढरं. ती हाक मला त्यांनी शिकवली. लांडगा येऊ द्या, वीज पडू द्या, त्या हाकेवर सगळा कळप गोळा होतो. आमच्या घरात तिची मस्करी कुणी करत न्हाई.

मग सुट्टीवर गेलो. आमी मेंढरं घेऊन वारंगा फाट्याकडून येऊन राहिलो होतो. मी पुढं, आबा पार मागं. कडेच्या हॉटेलावरची कुत्री अंगावर आली आन् कळप हायवेवर उधळला. समोरून ट्रक.

"हाक मार! हाक मार की!" आबा वरडले.

मी तोंड उघडलं. डोळ्यासमोर ती हिरवळ आली, ते ग्लास, ते हसणारे दात. आवाजच निघंना. शेवटी आबांनीच लांबून हाक दिली. मेंढरं वळली, पण एक गाभण मेंढी चाकाखाली गेली. मी जखमा बांधणारा माणूस. तिथं बांधायला काई उरलंच नव्हतं.

आबा रागावले न्हाईत. नुसतं म्हणाले, "काहून रे, घसा बसला का?"

मी व्हय म्हणलो. साहेबाचा राग आला, त्याहून जास्त माझा आला. अरे, फौजेत मी रक्त द्यायला गेलो होतो, बापाची हाक इकायला न्हाई.

परत गेलो तर पुन्हा पार्टी, पुन्हा बोलावणं. ह्या वेळी बीपीचं निमित्तसुद्धा नव्हतं. मी सावधान उभा राहिलो.

"नहीं साहब. ये मेरे बाप की आवाज है. मैं नहीं निकालूंगा."

कुणीच हसलं न्हाई. साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "अफसर बनने चला था," एवढंच म्हणाले, आन् हातानंच जा म्हणून सांगितलं.

शिफारस गेली. मला बर्फातल्या चौकीवर धाडलं. तिथं जवानांच्या थिजलेल्या बोटांना पट्ट्या बांधायच्या आन् ड्युटी संपली की पुस्तक उघडायचं, असं चाललं. पुढं साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी माझं काम बघून शिफारस दिली. वयात बसणारी ती शेवटचीच संधी होती. परीक्षा पास होऊन निघालो बराबर.

आज खांद्यावर स्टार हायेत. मेसमधी खुर्ची हाय. पहिल्याच आठवड्यात जेवताना एका सीनियर साहेबानं वाढणाऱ्या हवालदाराला सांगितलं, तुझ्या गावाकडच्या बाया नाचतात तसं नाचून दाखव. मिशा पिकलेला माणूस तो. टेबलावर हशा झाला. हवालदार पण हसला. ते हसू मी ओळखलं. हिरवळीवर मी तसाच हसलो होतो.

मी खुर्ची मागं सारून उभा राहिलो. "ये नहीं नाचेंगे, सर."

त्या साहेबांच्या हातात आता माझा गोपनीय अहवाल हाय. ल्ह्यावं काय ल्ह्यायचं ते. बढती अडवा, पुन्हा बर्फात धाडा, मी पुन्हा पट्ट्या बांधीन. पण मी जिथं बसलोय तिथं कुण्या माणसाचा तमाशा होऊ देणार न्हाई.