बनू नावाच्या सगळ्याजणी

आमच्या आळीत उभं राहून कुणी 'बनू' म्हणून हाक मारली, तर सगळ्यात आधी सयाजीची म्हैस कान टवकारायची. सयाजीचं म्हणणं, त्याच हाकेनं विहिरीवरचं इंजिनही पहिल्या हँडलला सुरू होतं, आणि बांधावरच्या आंब्याला मोहर धरतो. ओढ्याकडेच्या उसाच्या तुकड्याचं नावही बनूच. एवढ्या सगळ्या बनू! आणि जिला पाळण्यात घालून, कानात कुर्र करून बनू नाव ठेवलं होतं, ती सयाजीची बायको तेवढी चुलीपुढं भाकरी थापत बसायची आणि मान वर करायची नाही. त्या नावानं तिला कुणी हाक मारतच नव्हतं.

ही बनूबाई माझी शेजारीण. तिच्या आणि आमच्या परड्यात नुसतं शेराच्या झुडपांचं कुंपण. तिकडं भांडं पडलं की इकडं मला कळायचं, कुठलं पडलं आणि कुणी पाडलं. लोक म्हणतात, साळू फार चौकस. कुंपण पातळ आहे, त्याला मी काय करू?

बनू माहेरची शिराळ्याची. नागपंचमीचं गाव, त्यामुळं फणा लगेच काढायची, पण डसायची नाही. लग्न झालं तेव्हा सयाजी फौजेत खेचरांच्या कंपनीत होता. मांडवात त्यानं घेतलेलं नाव मला अजून पाठ आहे:

"शिराळ्याच्या नागोबाला दुधाची वाटी,
बनूबाईचं नाव घेतो पंचांच्यासाठी."

पंचांसाठी घेतलं आणि पंच जेवून गेले तसं तेही गेलं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वडीलधाऱ्यांसमोर गडीही बायकोचं नाव घेत नाही. घेतलं तर कट्ट्यावरची पोरं दात काढतात. सयाजीची आई हरणाबाई तर ओसरीवर कायमची मुक्कामाला. तेव्हा सयाजी बायकोला 'ए' म्हणायचा, 'आगं' म्हणायचा, आणि फारच लाडात आला तर 'ऐकलं का'.

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा ओसरीवर माणसं जमवून सांगत होता, "माज्या खेचरीचं नाव बनू. लय शानी! बरफात सुदिक तिचा पाय घसरत न्हाई." आत बनू पाणी ओतत होती, तिचा तांब्या हातातच राहिला. पुढच्या सुट्टीला सांगितलं, चौकीच्या खाली एक गोड्या पाण्याचा झरा आहे, त्यालाही ह्यानं बनू नाव दिलं, आणि आता पलटणीतले शीख म्हणू नका, मद्रासी म्हणू नका, सगळे त्याला बनूच म्हणतात.

बनू तेव्हा लाजून कुंपणापाशी आली. "साळूबाई, कुठल्या कुठं माजं नाव गेलं बगा."

मी म्हटलं, "नाव गेलं गं. तू हितंच हाईस."

ती हसली, पण अर्धीच.

मोठा दुष्काळ सरल्यावर सयाजी पेन्शन घेऊन घरी आला. येताना फौजेतला आवाज जसाच्या तसा बरोबर आणला, माळावरनं हाक मारली तर ओढ्यापलीकडं ऐकू जाईल असा. आल्या आल्या पंढरपुरी म्हैस घेतली, पाठीवर रुळणाऱ्या शिंगांची. नाव बनू. मग इंजिन बसवलं, त्याला हार घालून नारळ फोडला. नाव बनू. बनूबाईनं पहिल्या दिवशी म्हशीला भाकरी भरवली, इंजिनाला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवसापासून तिला म्हशीची सकाळ ऐकायला लागली.

"बनू, उठ गं माजी बाय. बनू, पानी पी. आज कडबा ग्वाड लागना व्हय, बनू? कुनी काय बोललं का तुला?"

आणि त्याच दमात ओसरीकडं तोंड करून, "ए, च्या आन."

सवत माणूस असली तर झिंज्या तरी उपटता येतात. म्हशीचं काय उपटणार? बनू धारेची चरवी आपटायची, वैरणीची पेंढी लांबनं फेकायची, शेणसुद्धा रागारागानं भरायची. मी कुंपणावरनं म्हटलं, "पालीच्या खंडोबाची म्हाळसा बानूवर जळती म्हनत्यात. बनूवर जळनारी बनू मी पयलीच बगितली."

"तुमाला हसाय काय जातंय?" तिनं शेणाची पाटी उचलली. "तुमच्या दारात शेळी हाय. तिला नाव तरी हाय का?"

नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला तर कहर झाला. आमच्या भागात त्या दिवशी म्हशी सजवून मिरवतात, आणि त्याच दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते. सयाजीनं भल्या पहाटे म्हैस ओढ्यावर नेली, अंग घासलं, शिंगांना तेल लावून रंग दिला. कोरेगावहून आणलेली कवड्यांची माळ गळ्यात घातली, वर पितळी घंटा. गावभर मिरवून, दमून घरी आला आणि पाटावर बसला. बनूनं ओवाळलं. सयाजीनं तबकात खण टाकला. खण चांगला होता, मी हात लावून बघितला. पण बनू खणाकडं बघतच नव्हती. ती बाहेर कवड्यांकडं बघत होती.

"घंटा किती ग्वाड वाजती," ती म्हणाली.

"वाजती की!" सयाजी फुलला. "पारखून घेतलीया."

बायको काय बोलतेय हे ओळखायला फौजेत शिकवत नाहीत.

त्यानंतर आम्ही दोघी कोरेगावच्या बाजाराला गेलो. तिथं लियाकत मणेराचं काकणांचं दुकान. तो आणि त्याची बायको मिळून चालवतात. तो भरतो, ती पेट्या काढून देते. बनूनं हात पुढं केला. लियाकतनं तिच्या हाताचा अंदाज घेतला आणि मागं न बघता मऊ आवाजात हाक दिली, "बानू, वो हरी पेटी दे गे."

आमची बनू दचकून वर बघायला लागली. लियाकतची बायको हसत पेटी घेऊन आली, म्हणाली, "माजंच नाव हाय ते. तुमचं बी हेच का? ह्यांना सारखी हाक मारायची सवयच हाय, बगा. बानू चाय दे, बानू पानी दे, बानू कुटं गेलीस."

"लोकांच्या म्होरं?" बनूनं विचारलं.

"आता दुकानच लोकांच्या म्होरं हाय!"

लियाकत काकणं चढवत होता. एकही फुटलं नाही. तरी बनूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बिचारा घाबरून विचारतोय, "ताई, लागलं का?" मी म्हटलं, "लागलं, पर हाताला न्हाई."

घरी आल्यावर तिनं काकणांचा हात कमरेवर ठेवला आणि सयाजीपुढं उभी राहिली. मी मिरच्या वाळत घालायला परड्यात होते. मिरच्या काय, कधीही वाळवता येतात.

"म्हशीचं नाव बदला. इंजिनाचं बदला. त्या आंब्याचं, उसाचं, समद्यांचं बदला. माज्या नावानं कुनाला हाक मारल्याली मला ऐकायची न्हाई. न्हाईतर मी शिराळ्याला चालले."

सयाजी कासरा वळत होता. वळायचा थांबला. काहीतरी बोलेल असं वाटलं. ओसरीवर हरणाबाई होती. तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "बरं."

बस्स. फौजी माणूस, हुकूम पाळला.

दुसऱ्या दिवसापासून म्हैस 'काळी' झाली आणि इंजिन नुसतं इंजिन झालं. आणि सयाजीचा आवाज बसला. म्हणजे घसा चांगला होता, पण हाक मारण्यासारखं त्याला काही उरलं नाही. 'काळे, सरक' एवढं म्हणायचा, तेही परकी म्हैस असल्यासारखं. म्हैस बिचारी मान वर करून वाट बघायची. पान्हा सोडेना. कास भरलेली, पण सयाजी धार काढायला बसला की दूध चोरायची.

बनूला वाटलं होतं, सवती गेल्या की आपली पाळी येईल. पाळी काही आली नाही. तिच्यासाठी 'ए' होतं ते 'ए'च राहिलं. एक दिवस ती कुंपणापाशी आली, फणा बिणा काही नाही.

"साळूबाई, माजं नाव काय वो?"

"डोकं फिरलं व्हय तुजं?"

"बगा की. पोरं आई म्हनत्यात. आत्याबाई सूनबाई म्हनत्यात. तुमी शेजारनी म्हनता. आई हुती शिराळ्याला, ती म्हनायची, ती दुष्काळात गेली. आता समद्या गावात बनू म्हनून कुनी म्हनत न्हाई. वाडीतनं माजं नावच गेलं."

आता इथं मी काहीतरी चावट बोलायला हवं होतं. एवढंच म्हटलं, "म्हशीला बी तेच वाटत आसंल."

त्या संध्याकाळी सयाजी पुन्हा धारेला बसला. म्हशीला चुचकारतोय, पाठ थोपटतोय, दूध नाही. हरणाबाई ओसरीवरनं बघत होती. बनू पेंड घेऊन आली, पाटी म्हशीपुढं ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"हाक मारा तिला," ती म्हणाली.

"मारतूय की. काळे, काळे."

"तसं न्हाई. तिच्या नावानं."

"तूच न्हाई म्हनलीस."

"आता मीच म्हनती. मारा."

सयाजीनं ओसरीकडं बघितलं, मग खाली चरवीत बघितलं, आणि फौजेतला तो माणूस इतक्या हळू म्हणाला की मला कुंपणाला कान लावावा लागला, "बनू."

म्हशीनं मान वर केली. आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईनं पदर सावरून म्हटलं, "ओ."

सयाजीचे कान लाल झाले. चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी. त्यानं तोंड म्हशीच्या कुशीत लपवलं आणि पुन्हा म्हणाला, "बनू."

"ओ."

"बनू, पेंड भिजली व्हती का?"

"व्हय, भिजली व्हती."

मी हरणाबाईकडं बघितलं. आता म्हातारी काठी आपटणार, लाज सोडली म्हणणार. म्हातारी उठून बसली.

"त्येला वाटतंय मला कळत न्हाई," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "खेचरापासनं ऐकतीया. म्हशीला हाक मारून बायकूला ऐकवायचं, हे काय मला कळना व्हय? आन ही खुळी म्हशीवर जळती! आगं, जळायचं तर मी जळावं. तुजा सासरा समदं आयुष्य माज्याबरुबर हुता. कोंबडी पाळली, कुत्रं पाळलं, बैलांच्या जोड्या बदलल्या. एका कोंबडीला तरी माजं नाव दिलं आसंल का त्या मानसानं?"

आणि पदरानं नाक पुसत ती आत गेली. त्या दिवशी जेवली नाही. सुनेचा हेवा असा पोटभर केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आता सयाजीच्या वाड्यात पुन्हा सकाळपासून बनूचा गजर असतो. म्हैस मान वर करते, बाई 'ओ' देते, आणि मला इकडं भाकरी करपल्याचा वास येतो, कारण लक्ष तिकडं असतं. शेवटी मीच आमच्या ह्यांना म्हटलं, "आवं, आपल्या शेळीला इतकी वर्सं नाव न्हाई. ठेवा की एखांदं. साळू ठेवा."

ह्यांनी शेळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, तंबाखू मळली.

"दिवसभर कुंपनाला त्वांड लावून उभी ऱ्हाती," हे म्हणाले. "शोभंल."